बेसाल्ट खडकातील कार्बन साठवण : युरोपचा अनुभव आणि नंदुरबार जिल्हा

सारांश

औद्योगिक उत्सर्जनातील कार्बन डायऑक्साइड वायू वेगळा करून तो भूगर्भात कायमचा साठविण्याचे तंत्र युरोपात १९९६ पासून प्रत्यक्ष वापरात आहे. आइसलँडमध्ये हा वायू बेसाल्ट खडकात मुरवून त्याचे दगडात रूपांतर करण्यात यश आले आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग याच जातीच्या खडकाने बनलेला असल्यामुळे दख्खनच्या पठाराकडे संभाव्य साठवणक्षेत्र म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या तंत्राची प्रक्रिया, युरोपातील वाटचाल आणि नंदुरबार जिल्ह्याच्या भूरचनेच्या संदर्भात त्याच्या शक्यता व मर्यादा यांचे विवेचन केले आहे. अनुकूल खडक ही साठवणुकीची पहिली अट असली तरी पाणी, दीर्घकालीन उत्तरदायित्व आणि स्थानिक संमती या अटी तितक्याच निर्णायक ठरतात, हे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : कार्बन साठवण, दख्खनचा बेसाल्ट, खनिजीभवन, भूजल, ग्रामसभा, नंदुरबार.

१. प्रस्तावना

हवामानबदलाचे प्रमुख कारण म्हणजे वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे वाढते प्रमाण होय. कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून हा वायू बाहेर पडतो. ऊर्जेच्या क्षेत्रात सौर व पवनशक्तीचा पर्याय उपलब्ध झाला आहे. परंतु काही उद्योगांत हा पर्याय अपुरा पडतो. सिमेंट बनविताना चुनखडी भाजावी लागते आणि चुनखडीतील कार्बन डायऑक्साइड त्या प्रक्रियेतच मोकळा होतो. भट्टी सौरऊर्जेवर चालविली तरी हा वायू बाहेर पडणारच. अशा उद्योगांसाठी वायू निघतो त्याच ठिकाणी पकडून जमिनीत साठविणे हा मार्ग सुचविला जातो.

भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यानंतर २०२२ मध्ये नीती आयोगाने कार्बन पकडणे, वापरणे व साठविणे या विषयावरील धोरणात्मक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच सुमारास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या विषयाचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापन झाले. भारतीय संशोधकांच्या २०२१ मधील अंदाजानुसार देशाची सैद्धांतिक साठवणक्षमता सुमारे ३९५ ते ६१४ अब्ज टन असून त्यापैकी ९७ ते ३१६ अब्ज टन क्षमता एकट्या बेसाल्ट खडकात असू शकते. अंदाजाच्या किमान व कमाल आकड्यांत तिपटीहून अधिक तफावत आहे. बेसाल्टविषयीचे ज्ञान अद्याप किती अपुरे आहे, याची कल्पना या तफावतीवरून येते.

नंदुरबार जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट प्रदेशाच्या वायव्य भागात वसलेला आहे. येथील साठवणुकीची चर्चा आज कोणत्याही मंजूर प्रकल्पाविषयी नसून भूविज्ञानाने समोर ठेवलेल्या शक्यतेविषयी आहे. परंतु शक्यतेचे रूपांतर प्रकल्पात होण्यापूर्वीच तिचा साधकबाधक विचार होणे इष्ट असते.

२. संकल्पना व प्रक्रिया

कार्बन साठवणुकीचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा केला जातो. यासाठी सामान्यतः अमाइन वर्गातील रसायनांचा वापर होतो. थंड अवस्थेत हे द्रावण वायू शोषून घेते आणि तापविल्यावर तो सोडून देते. या तापविण्यास मोठी ऊर्जा लागते व एकूण खर्चाचा मोठा भाग याच टप्प्यावर होतो. दुसऱ्या टप्प्यात वायूवर दाब देऊन तो नळवाहिनीने किंवा जहाजाने साठवणस्थळी नेला जातो. तिसऱ्या टप्प्यात तो खोल विहिरीतून खडकात सोडला जातो. या क्रियेस अंतःक्षेपण म्हणतात.

साठवणुकीस योग्य खडकांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला म्हणजे सच्छिद्र वाळूखडक. सुमारे ८०० मीटरपेक्षा अधिक खोलीवर दाब व तापमानामुळे कार्बन डायऑक्साइड दाट, द्रवसदृश अवस्थेत राहतो. वाळूखडकाच्या छिद्रांत तो साठतो आणि वरील अभेद्य मृत्तिकाखडक झाकणाप्रमाणे त्यास रोखून धरतो. दुसरा प्रकार बेसाल्टचा. येथे वायू केवळ अडविला जात नाही, तर खडकाशी रासायनिक अभिक्रिया होऊन त्याचे घन खनिज बनते.

३. युरोपातील वाटचाल

युरोपातील साठवणुकीचा प्रारंभ नॉर्वेत झाला. तेथे १९९१ मध्ये समुद्रातील तेल व वायू उत्पादनावर कार्बन कर लागू झाला. उत्तर समुद्रातील स्लाइप्नर क्षेत्रातील नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण विक्रीयोग्य मर्यादेपेक्षा अधिक होते. तो वेगळा करून हवेत सोडला असता तर कर भरावा लागला असता. म्हणून १९९६ पासून तो समुद्रतळाखाली सुमारे एक किलोमीटर खोलीवरील उत्सिरा वाळूखडकात सोडण्यात आला. साठवणुकीचे प्रमाण वर्षाला जवळजवळ दहा लाख टन होते. कराच्या योजनेमुळे साठविणे हे हवेत सोडण्यापेक्षा स्वस्त ठरले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

युरोपीय संघाने २००५ मध्ये उत्सर्जन-परवान्यांच्या व्यापाराची व्यवस्था सुरू केली आणि २००९ मध्ये भूगर्भीय साठवणुकीसंबंधी स्वतंत्र निर्देश संमत केला. या निर्देशातील उत्तरदायित्वाची मांडणी विशेष महत्त्वाची आहे. विहीर बंद झाल्यानंतर सामान्यतः किमान वीस वर्षे जबाबदारी चालक कंपनीकडेच राहते. वायू कायमचा बंदिस्त झाल्याचे पुरावे मिळाल्यानंतरच ती शासनाकडे हस्तांतरित होते आणि त्या वेळी पुढील किमान तीस वर्षांच्या देखरेखीचा अपेक्षित खर्च कंपनीने द्यावयाचा असतो. गळती झाल्यास तितक्या वायूचे परवाने परत करावे लागतात.

कायदा झाला तरी सर्वत्र काम पुढे गेले नाही. नेदरलँड्समधील बारेंड्रेख्त या शहराखालील रिकाम्या वायूक्षेत्रात साठवणुकीची योजना होती. वस्तीखाली वायू साठविण्यास रहिवाशांनी व नगरपालिकेने तीव्र विरोध केला आणि २०१० मध्ये शासनाने ती योजना रद्द केली. जर्मनीतही जमिनीखालील साठवणुकीस लोकांचा विरोध झाला व २०१२ च्या कायद्याने तिच्यावर कडक मर्यादा आल्या. परिणामी युरोपचे लक्ष वस्तीपासून दूर असलेल्या समुद्रतळाकडे वळले. नॉर्वेतील ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात वर्षाला सुमारे चार लाख टन वायू पकडणारी यंत्रणा २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. त्याच वर्षी 'नॉर्दर्न लाइट्स' प्रकल्पाने जहाजाने आणलेला वायू उत्तर समुद्राच्या तळाखाली सोडण्यास आरंभ केला. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याद्वारे २०३० पर्यंत दरवर्षी पाच कोटी टन साठवणक्षमता उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

या घडामोडींचा भारताशी थेट संबंध आहे. युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन-समायोजन व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून निश्चित स्वरूपात लागू झाली आहे. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते इत्यादी मालाच्या आयातीवर त्यातील उत्सर्जनानुसार आकार देणे तिच्यामुळे बंधनकारक झाले. निर्यात करणाऱ्या भारतीय कारखान्यांना उत्सर्जन घटविण्याची निकड यामुळे भासणार आहे. नंदुरबारच्या पश्चिमेस, सुरतजवळील हजिरा येथे मोठा पोलाद व रसायन उद्योग आहे. साठवणस्थळांचा शोध सुरू झाल्यास दख्खनच्या या कडेकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

४. बेसाल्टमधील खनिजीभवन

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होते. हे आम्ल बेसाल्टमधील खनिजांना हळूहळू विरघळविते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांचे आयन मोकळे होतात. त्यांचा विरघळलेल्या कार्बनशी संयोग होऊन कार्बोनेट खनिजे तयार होतात. कॅल्साइट हे त्यांपैकी सर्वपरिचित होय. एक टन कार्बन डायऑक्साइड संपूर्णपणे कॅल्साइटमध्ये बद्ध झाल्यास सुमारे २.२७ टन खनिज बनते. एकदा दगड झालेला वायू सहजासहजी वर येत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होय.

आइसलँडमधील हेत्लिशेइदी भू-औष्णिक केंद्राजवळ 'कार्बफिक्स' या प्रकल्पात २०१२ मध्ये याची चाचणी झाली. पाण्यात विरघळविलेला वायू बेसाल्टमध्ये सोडण्यात आला. त्यापैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदविले गेले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथे २०१३ मध्ये वेगळी पद्धत वापरण्यात आली. तेथे सुमारे एक हजार टन वायू पाण्यात न विरघळविता, दाट अवस्थेत, आठशे मीटरहून अधिक खोलीवरील बेसाल्टमध्ये सोडला गेला. दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत ॲंकेराइट या कार्बोनेट खनिजाचे कण आढळले. वालुलाचा कोलंबिया नदीखोऱ्यातील बेसाल्ट हा दख्खनप्रमाणेच थरांवर थर साचून बनलेला असल्यामुळे हा प्रयोग भारताच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. दख्खनच्या बेसाल्टचा या दृष्टीने अभ्यास हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने याआधीच, २००० नंतरच्या दशकात, हाती घेतला होता.

५. नंदुरबार जिल्ह्याची भूरचना

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. उत्तरेस नर्मदा, मध्ये सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेस तापीचे खोरे अशी त्याची साधारण रचना आहे. शहादा व तळोदा परिसरात तापीकाठी गाळाचा सुपीक पट्टा आहे. उर्वरित जिल्ह्याचा पाया मुख्यत्वे बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडून हे थर साचले. दख्खनचा बेसाल्ट आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे.

लाव्हाच्या प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्यांचा असतो, तर मधला भाग घट्ट असतो. महाराष्ट्रात विहीर खोदणारे पहिल्यास मांजऱ्या व दुसऱ्यास काळा पाषाण म्हणून ओळखतात. साठवणुकीच्या भाषेत पोकळ्यांचा थर म्हणजे कोठी आणि घट्ट थर म्हणजे झाकण. तथापि येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावा लागतो. आइसलँडचा बेसाल्ट भूवैज्ञानिकदृष्ट्या तरुण असून त्याच्या पोकळ्या बहुतांशी मोकळ्या आहेत. दख्खनच्या पोकळ्या कोट्यवधी वर्षांच्या काळात झिओलाइट, कॅल्साइट व सिलिका यांनी भरून गेल्या आहेत. रानात सापडणारे गारगोटीचे व स्फटिकांचे तुकडे ही याचीच उदाहरणे होत. त्यामुळे पोकळी दिसते म्हणून साठवणजागा आहेच, असे गृहीत धरता येत नाही.

नंदुरबारचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे डाइक, म्हणजेच भित्तिखडक. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्यांपैकी अनेक भेगांत तो थिजून उभ्या भिंती बनल्या. नंदुरबार व धुळे परिसरातील सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा दोनशेहून अधिक भित्तिखडकांचे मापन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाले आहे. त्यांतील सर्वांत लांब सुमारे ७९ किलोमीटरचा आहे. शेतांच्या मधून पूर्वपश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडांच्या अरुंद टेकड्या म्हणून त्या स्थानिक लोकांच्या परिचयाच्या आहेत. हे भित्तिखडक भूजल अडवितात, तर त्यांच्या कडेच्या भेगाळलेल्या भागातून काही ठिकाणी पाणी वाहतेही. खोल सोडलेला वायू अशा कडेने वर सरकू शकेल काय, हा या जिल्ह्यापुरता पहिला शास्त्रीय प्रश्न ठरतो.

दुसरा प्रश्न भूकंपाचा आहे. नर्मदा व तापी यांचा पट्टा प्राचीन भ्रंशांचा आहे. १९३८ चा सातपुडा भूकंप व १९९७ चा जबलपूर भूकंप याच पट्ट्याशी निगडित होते. भूगर्भात द्रव दाबाने सोडल्यास ताणाखालील भ्रंश सरकण्याची शक्यता असते. बेसाल्ट प्रदेशातच कोयनेच्या जलाशयामुळे प्रेरित झालेल्या भूकंपांचा अनुभव महाराष्ट्राने १९६७ मध्ये घेतला आहे. म्हणून भ्रंशांचे सविस्तर मानचित्रण आणि किमान काही वर्षांची सूक्ष्मभूकंप नोंद यांवाचून अंतःक्षेपणाचा विचार करणे योग्य ठरणार नाही.

६. पाण्याचा प्रश्न

कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन कार्बन डायऑक्साइड विरघळविण्यासाठी सुमारे २५ टन पाणी लागते. आइसलँडमध्ये हे पाणी विपुल आहे. नंदुरबारच्या संदर्भात हा हिशेब मांडणे उद्बोधक ठरेल. वर्षाला एक लाख टन वायू साठवावयाचा तर २५ लाख घनमीटर पाणी लागेल. ग्रामीण नळपाणी योजनांत दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण मानले जाते. म्हणजे एका व्यक्तीस वर्षाला सुमारे २० घनमीटर. या हिशेबाने २५ लाख घनमीटर पाणी म्हणजे सव्वा लाख लोकांची वर्षभराची गरज होय. सातपुड्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात झऱ्यावरून हंडे वाहून आणावे लागतात, त्या प्रदेशात हा आकडा केवळ तांत्रिक राहत नाही.

यावर काही उत्तरे संभवतात. खोल थरातील खारे पाणी उपसून तेच पुन्हा वायूसह सोडता येते. समुद्राच्या पाण्याच्या वापरावरही संशोधन झाले आहे. वालुलाच्या पद्धतीत वायू पाण्यात विरघळवावा लागत नाही. परंतु तेथे वरच्या झाकणथराची अभेद्यता निर्विवाद असावी लागते, कारण खनिज बनेपर्यंत वायू वर चढण्याच्या अवस्थेत असतो. जिल्ह्यातील विहिरी व कूपनलिका बेसाल्टच्या वरच्या थरांतूनच पाणी घेतात. आम्लधर्मी द्रव या थरांत शिरल्यास खडकातील धातू पाण्यात उतरण्याचा धोका असतो. म्हणून भूजलापासून साठवणथर सुस्पष्टपणे विभक्त आहे, हे सिद्ध होणे ही पाण्यासंबंधीची मूलभूत अट राहील.

७. उत्तरदायित्व व संमती

साठविलेला वायू कोणाचा, विहीर बंद झाल्यावर देखरेख कोणाची आणि हानी झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, हे प्रश्न युरोपने २००९ मध्ये कायद्याने सोडविण्याचा प्रयत्न केला. भारतात खनिज, भूजल, पर्यावरण व वन यांविषयी स्वतंत्र कायदे आहेत. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा आहे. परंतु खडकातील रिकाम्या पोकळीचा साठवणजागा म्हणून वापर ही बाब या जुन्या चौकटीत नेमकी बसत नाही.

नंदुरबारच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर होतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येपैकी ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय व्हावा आणि गौण खनिजांच्या परवान्यापूर्वी तिची शिफारस घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे. वायूचे अंतःक्षेपण खनिज काढत नाही, उलट खडकात भर घालते. आणि विहिरीच्या तोंडाशी थोडीच जमीन लागत असली तरी भूगर्भातील विस्तार अनेक गावांखाली जाऊ शकतो. कायद्याचा शब्दशः अर्थ घेतल्यास ज्या गावाखाली वायू साठेल त्याच्या ग्रामसभेस विचारण्याची आवश्यकता नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. ही त्रुटी आधीच दूर होणे आवश्यक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत आणि नियमगिरी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभेचे मत निर्णायक मानले, ही यासाठी उपलब्ध असलेली भक्कम भूमिका होय.

या जिल्ह्याच्या स्मृतीत विस्थापनाचा इतिहास ताजा आहे. सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली व ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील आहेत. मणिबेली हे त्यांपैकी पहिले गाव. दूरच्या प्रदेशाच्या गरजेसाठी जवळच्या माणसांनी झळ सोसावी, हा अनुभव येथे ऐकीव नाही. ज्या जिल्ह्याने हवेत फारसा कार्बन सोडला नाही, त्याच्या भूमीत इतरांचा कार्बन साठवावा काय, हा प्रश्न म्हणूनच न्यायाचाही आहे.

स्वतः आइसलँडचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरते. कार्बफिक्सने हाफ्नारफ्योर्दुर या नगराजवळ युरोपातून जहाजाने आणलेला वायू साठविण्याची योजना आखली होती. घरांजवळच्या विहिरी व भूजल यांविषयी रहिवाशांनी शंका घेतल्या आणि २०२५ मध्ये त्या ठिकाणची योजना सोडून देण्यात आली. तंत्र सिद्ध होते, खडक अनुकूल होता; संमती नव्हती.

८. जिल्ह्यासाठी संभाव्य क्रम

वरील विवेचनावरून जिल्ह्यासाठी पुढील क्रम सुचविता येतो.

(अ) भूजल सर्वेक्षणाच्या उपलब्ध नोंदी, भित्तिखडकांचे मानचित्र व भ्रंशांची माहिती एकत्र करून ती मराठीत गावपातळीवर खुली करावी.

(आ) खोल थरांची सच्छिद्रता व पार्यता केवळ संशोधनार्थ खोदलेल्या विवरातून तपासावी. कोयना परिसरात २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीचे वैज्ञानिक विवर पूर्ण झाले असल्याने हे कौशल्य देशात उपलब्ध आहे.

(इ) विहिरी व झऱ्यांच्या पाण्याच्या गुणवत्तेची नोंद कोणतीही चाचणी होण्यापूर्वीच करून ठेवावी. पूर्वस्थितीची नोंद नसेल तर पुढे झालेली हानी सिद्ध करता येत नाही.

(ई) साठवणथराचा विस्तार ज्या ज्या गावांखाली जाईल त्या सर्व ग्रामसभांची पूर्वसंमती कायद्याने आवश्यक ठरवावी.

(उ) प्रारंभ लहान प्रमाणावर व स्थानिक स्रोतापासून व्हावा. जिल्ह्यात ऊस पिकतो. मळी किंवा रसाचे किण्वन करून इथेनॉल बनविताना जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. दर एक लाख लिटर इथेनॉलमागे त्याचे प्रमाण सुमारे ७५ टन असते. तो धुरातून वेगळा करण्याचा खर्च येथे लागत नाही. अमेरिकेतील डिकेटर येथे इथेनॉल प्रकल्पातील दहा लाख टन वायू २०११ ते २०१४ या काळात याच रीतीने पकडून वाळूखडकात साठविण्यात आला. उसाने हवेतूनच घेतलेला हा कार्बन असल्यामुळे तो साठविल्यास वातावरणातील प्रमाण प्रत्यक्ष घटते.

९. निष्कर्ष

युरोपच्या तीन दशकांच्या अनुभवातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. उत्सर्जनास किंमत असल्यावाचून साठवणूक आर्थिकदृष्ट्या उभी राहत नाही. उत्तरदायित्व कायद्याने निश्चित झाल्यावाचून ती सुरक्षित मानता येत नाही. आणि स्थानिकांची संमती नसेल तर सिद्ध तंत्रही थांबते. नंदुरबारच्या भूमीत अनुकूल जातीचा खडक आहे, परंतु त्याच्या भरलेल्या पोकळ्या, भित्तिखडक, भ्रंश व मर्यादित पाणी यांमुळे आइसलँडचे यश येथे जसेच्या तसे उतरविता येणार नाही. साठवणूक ही उत्सर्जन कमी करण्याची जागा घेऊ शकत नाही. जे उत्सर्जन अन्य मार्गांनी टळत नाही त्यापुरताच तिचा उपयोग आहे. जमिनीत सोडलेला वायू पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहावयाचा असतो. म्हणून तो सोडण्याचा निर्णय त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या माहितीने व संमतीने झाला, तरच या तंत्राचा येथे विचार करणे सार्थ ठरेल.